गाडीत मधूनच होणारा शॉर्ट कसा पकडायचा

फ्यूज उडतो, नवीन टाकला की सगळं चालू होतं, आठ-दहा दिवस काहीच होत नाही, तुम्ही विसरूनही जाता आणि मग एक दिवस परत तोच फ्यूज. गॅरेजला नेली की गाडी एकदम व्यवस्थित, तिथे दोन तास उभी असते पण काही होत नाही, मग कोणीतरी अंदाजाने एखादा स्विच नाहीतर रिले बदलून देतं आणि काही दिवसांनी पुन्हा तेच सुरू. कायमचा शॉर्ट असेल तर तो शोधणं त्यामानाने सोपं असतं, कारण तो जागेवरच बसलेला असतो, तुम्ही जाल तेव्हा तिथे सापडणारच. हा जाऊन-येऊन असणारा शॉर्ट मात्र माणसाला थकवतो.

मी स्वतः असा एक शॉर्ट तीन आठवडे शोधत होतो आणि त्यातून एक गोष्ट पक्की कळली, ती म्हणजे आधी वायर शोधायची नाही, आधी वेळ शोधायची. असा शॉर्ट वाटेल तेव्हा होत नाही. काहीतरी हलतं, काहीतरी तापतं, कुठेतरी पाणी शिरतं किंवा कुठलंतरी बटण दाबलं जातं, तेव्हाच होतो. ती वेळ एकदा हाताला लागली की जागा अर्धी सापडली असं समजा.

हा शॉर्टच आहे का ते आधी बघा

इलेक्ट्रिकचं काहीही बिघडलं की आपण सरसकट शॉर्ट म्हणतो, पण त्यात चार वेगवेगळ्या भानगडी असतात आणि प्रत्येकीची शोधायची पद्धत वेगळी आहे. करंटची वायर बॉडीला टेकली तर फ्यूज उडतो, हा खरा शॉर्ट. एखादी वस्तू मधेच बंद पडते, परत चालू होते आणि फ्यूज मात्र शाबूत असतो, तर तो शॉर्ट नाहीच, तिथे वायर आतून तुटलेली आहे किंवा कपलरची (वायरी जोडायच्या प्लास्टिकच्या जोडाची) पिन लूझ आहे किंवा अर्थ (करंट परत जायला बॉडीला दिलेला जोड) गंजलाय. तिसरं म्हणजे दोन वायरी एकमेकींना टेकतात आणि भलतीच वस्तू चालू होते, इंडिकेटर दिला की पार्किंग लाइट फडफडतात तसं (हे खराब अर्थमुळे पण होतं, टेल लाइटचा अर्थ गेला की करंट दुसऱ्या फिलामेंटमधून रस्ता शोधतो, म्हणून आधी अर्थ बघा). आणि चौथं म्हणजे रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी उतरणं. त्यात बहुतेक वेळा काहीतरी चालू राहिलेलं असतं, शॉर्ट नसतो. हल्लीच्या गाड्या लॉक केल्यावर अर्ध्या तासात झोपतात आणि मग साधारण २० ते ५० मिलीअँप एवढाच करंट घेतात, त्यापेक्षा बराच जास्त दिसला तर तो वेगळा तपास आहे, तो इथे घेत नाही.

म्हणजे पुढचं सगळं मुख्यतः फ्यूज उडणाऱ्या केससाठी आहे, शेवटी फ्यूज न उडणाऱ्या एका प्रकाराबद्दल पण लिहिलंय.

हात घालायच्या आधी

पहिली गोष्ट, जास्त अँपचा फ्यूज टाकायचा नाही. १० चा उडतोय म्हणून २० चा टाकला, फ्यूजला सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली, खिळा घातला, हे प्रकार लोक खरंच करतात आणि गाड्या यानेच पेटतात. फ्यूज वस्तूला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो, त्या जाडीच्या वायरला जेवढं झेपेल तेवढाच तो फ्यूज दिलेला असतो. मोठा टाकलात की मग फ्यूजच्या ऐवजी वायर जळते आणि ती एकटी जळत नाही, अख्खं बंडल घेऊन जळते.

हातातली अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. बॅटरी सोडवायची असेल तेव्हा निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. कारण साधं आहे, निगेटिव्ह जोडलेला असताना पॉझिटिव्ह सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर तिथेच भलामोठा शॉर्ट. पिवळ्या कपलरच्या किंवा पिवळ्या स्लीव्हमधल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यात मल्टीमीटरची (व्होल्ट-ओहम मोजायच्या यंत्राची) पिन, टेस्ट लॅम्प, काहीही घालायचं नाही. सीटखाली किंवा स्टिअरिंगजवळ काम करायचं असेल तर बॅटरी सोडवून मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबायचं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या जाड नारिंगी केबलला तर हातच लावू नका, ते शेकडो व्होल्टचं काम आहे.

आणि जळका वास आला किंवा धूर दिसला तर तपास तिथेच थांबवा, बॅटरी सोडवता आली तर सोडवा नाहीतर लांब व्हा. बॅटरीकडून स्टार्टरला जाणाऱ्या जाड केबलला बहुतेक गाड्यांत फ्यूज नसतो, तिचं इन्सुलेशन घासलं गेलं असेल तर थांबवणारं कोणीच नाही, म्हणून बोनेट उघडलंच आहे तर पहिल्यांदा ती केबल पूर्ण डोळ्याखालून घाला.

उडालेला फ्यूज फेकू नका

उडालेला फ्यूज बरंच काही सांगतो. आतली पट्टी पूर्ण नाहीशी झालीये आणि प्लास्टिक काळं पडलंय, तर एकदम खूप करंट गेला, म्हणजे वायर सरळ बॉडीला टेकली. पट्टी नुसती मधे वितळून तुटलीये, प्लास्टिक स्वच्छ आहे, तर थोडा जास्तीचा करंट बराच वेळ जात होता, म्हणजे ओव्हरलोड. फ्यूज त्याच्या आकड्यावर लगेच उडत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. साध्या पात्यांच्या फ्यूजमधून ३५ टक्के जास्त करंट गेला तर तो उडायला दहा मिनिटांपर्यंत घेऊ शकतो, दुप्पट गेला तर पाच सेकंदांच्या आत उडतो आणि सरळ शॉर्टमध्ये डोळ्याची पापणी लवायच्या आत. त्यामुळे एसीचा ब्लोअर किंवा वायपर चालू केल्यावर पाच-सात मिनिटांनी फ्यूज जात असेल तर वायरिंग उसवत बसू नका, ती मोटर जड झालीये, बुश किंवा बेअरिंग गेलंय, ती जास्त करंट ओढतेय. खड्ड्यात गेल्याक्षणी जात असेल तर मात्र वायर.

तपास चालू असेपर्यंत चार-पाच बरोबर अँपचे फ्यूज जवळ ठेवा. रंगावरून ओळखता येतात, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. पण रंगावर विसंबून राहण्यापेक्षा वरचा आकडा वाचा आणि झाकणावरच्या तक्त्याशी जुळवा, कारण आधीच्या कोणीतरी चुकीचा टाकून ठेवलेला असू शकतो, माझ्या बाबतीत एक तसा सापडला होता.

वहीत लिहा

हे ऐकायला किरकोळ वाटतं पण माझा शॉर्ट इथेच सापडला. फ्यूज गेला की लगेच लिहायचं, तारीख, वेळ, इंजिन गरम का थंड, पाऊस होता का, रस्ता कसा होता, कोणते दिवे चालू होते, कोणतं बटण नुकतंच दाबलं, मागे कोण बसलं होतं, सामान होतं का. सगळं. आत्ता बिनकामाचं वाटतं ते पण.

माझ्या गाडीत टेल लाइटचा १० चा फ्यूज जायचा. एका ठिकाणी बल्ब होल्डर बदलून झाले, नंतर लाइटचा स्विच बदलून झाला, फरक शून्य. मला वाटायचं गाडी चालवताना जातो, कारण लक्षात यायचं ते चालवतानाच, स्पीडोमीटरच्या मागचा लाइट लागला नाही की कळायचं. पाच-सहा नोंदी झाल्यावर दिसलं की प्रत्येक वेळी त्याच्या आदल्या संध्याकाळी मी कुठूनतरी सामान घेऊन आलो होतो. म्हणजे फ्यूज सकाळी उडत नव्हता, आदल्या संध्याकाळीच उडत होता, अंधारात पोचलो की दिवे चालू ठेवून डिकी उघडायचो त्या क्षणी. मला फक्त दुसऱ्या दिवशी कळत होतं. कळल्यानंतर पुढचं काम अर्ध्या तासाचं होतं, डिकीच्या बिजागरीजवळ नंबर प्लेट लाइटच्या वायरीचं आवरण तडकलं होतं आणि डिकी अर्ध्यावर गेली की उघडी तार बिजागरीच्या दांड्याला टेकायची. डिकी बंद असताना वायर सैल, काही टेकत नाही, म्हणून गॅरेजमध्ये काही सापडत नव्हतं.

तर फ्यूज उडाल्याचं कळण्याची वेळ आणि तो खरंच उडण्याची वेळ या दोन वेगळ्या असू शकतात हे डोक्यात ठेवा. ती खरी वेळ पकडायची युक्ती पुढे आहे.

त्या फ्यूजवर काय काय आहे

गाडीचा वायरिंग डायग्राम मिळवा, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. नाहीच मिळाला तर फ्यूज काढून ठेवून काय काय बंद पडतं ते एकेक बटण दाबून कागदावर लिहा. ह्या यादीत शंभर टक्के काहीतरी असं निघतं जे तुम्हाला त्या फ्यूजवर असेल असं वाटलंच नव्हतं. टेल लाइटच्या फ्यूजवर नंबर प्लेटचे दिवे, डॅशबोर्डच्या बटणांमागचे दिवे, म्युझिक सिस्टीमची लाइटची वायर. ब्रेक लाइटच्या फ्यूजवर डिकीवरचा तिसरा ब्रेक लाइट. रिव्हर्स लाइटच्या फ्यूजवर नंतर बसवलेला कॅमेरा.

आणि नंतर बसवलेल्या वस्तूंपासूनच सुरुवात करा. जोरात वाजणारा हॉर्न, फॉग लॅम्प, डॅशकॅम, पार्किंग सेन्सर, सेंट्रल लॉकिंग, म्युझिक. कंपनीने टाकलेला हार्नेस (वायरींचं बंडल) वर्षानुवर्षं टिकतो कारण तो ठिकठिकाणी क्लिपने धरलेला असतो, पत्र्याच्या धारेजवळ रबरी ग्रोमेट (भोकात बसवलेली कडी) असतो. बाहेरून बसवलेल्या वस्तूची वायर मात्र बऱ्याचदा ओरिजिनल वायर सोलून, पिळून, वर टेप गुंडाळून जोडलेली असते आणि उन्हात गरम झाली की त्या काळ्या टेपचा डिंक वितळून ती सरकते. ती वस्तू तिच्या जोडापासून सोडवून ठेवा आणि आठवडाभर गाडी चालवा. फ्यूज गेला नाही तर तुमचा तपास संपला.

त्यानंतर ज्या जागा सगळ्यात जास्त दगा देतात त्या बघा. जिथे वायर रोज वाकते तिथे आधी, म्हणजे दार आणि बॉडीच्या मधली रबरी नळी (ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त उघडतं म्हणून ते पहिलं), डिकीची बिजागरी, स्टिअरिंगखालचं बंडल, पुढेमागे सरकणाऱ्या सीटखालची वायर जी रुळात अडकून चिरते. रबरी नळी नुसती बाहेरून बघू नका, ती एका टोकाने सोडवून मागे सारा, आत तीन-चार वायरी चिरलेल्या निघू शकतात आणि बाहेरून नळी नव्यासारखी दिसते. मग इंजिनच्या बाजूला, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळून जाणाऱ्या वायरी, ऑक्सिजन सेन्सरची वायर, बॅटरीच्या ट्रेखालचं बंडल, इंजिनमधून केबिनमध्ये वायर शिरते ते पत्र्यातलं भोक. उंदरांनी कुरतडलंय का तेही बघा, लेंड्या किंवा चिंध्या दिसल्या की त्याच्या आसपासचं सगळं तपासा. बल्ब होल्डर विसरू नका, दोन फिलामेंटच्या बल्बमधलं एक तुटून दुसऱ्यावर पडलं किंवा होल्डरचा पत्रा वाकला की हादऱ्याला शॉर्ट होतो, आणि टेल लाइटमध्ये पाणी साचलं असेल तर पावसाळ्यातच होतो.

फ्यूजच्या जागी बल्ब

आता खरी युक्ती. प्रत्येक वेळी फ्यूज उडवून तपास करायचा म्हणजे पेटीभर फ्यूज लागतील, शिवाय उडाला की सगळं थंड, शॉर्ट अजून आहे का गेला काहीच कळत नाही. त्याऐवजी फ्यूजच्या जागी बल्ब लावायचा. एक उडालेला फ्यूज घ्या, वरचं प्लास्टिक फोडून त्याच्या दोन्ही पायांना एकेक वायर सोल्डर करा, वायरी दोन मीटर तरी लांब ठेवा, दुसऱ्या टोकाला ५५ वॉटचा हेडलाइट बल्ब होल्डरसकट. छोट्या म्हणजे ५ अँपच्या फ्यूजसाठी २१ वॉटचा ब्रेक लाइटचा बल्ब घ्या. दोन पाय एकमेकांना टेकणार नाहीत असं पक्कं करा.

हा बल्ब आता सर्किटच्या वाटेत बसलाय. वायर कुठेही बॉडीला टेकली तर पूर्ण १२ व्होल्ट बल्बवरच येतात, तो फुल पेटतो आणि करंट साधारण साडेचार अँपच्या वर जातच नाही (२१ वॉटवाल्यात पावणेदोन), त्यामुळे वायर जळत नाही. टेकणं सुटलं की बल्ब मंद होतो नाहीतर विझतो. म्हणजे शॉर्ट आत्ता आहे का नाही हे तुम्हाला डोळ्यासमोर चालू-बंद दिसतं, फ्यूज न उडवता, कितीही वेळा. त्या सर्किटवरची वस्तू चालू असेल तर बल्ब थोडा मिणमिणेल आणि ती वस्तू जरा मंद चालेल, ते नॉर्मल आहे. शक्य असेल तर सगळ्या वस्तूंचे कपलर काढून ठेवा, म्हणजे बल्ब पूर्ण विझलेला राहील आणि पेटला की शंकाच नाही.

यात एक भर घाला, बल्बच्या दोन टोकांवर १२ व्होल्टचा छोटा बझर जोडा, प्लस-मायनस बघून. तुम्ही डिकीत डोकं घातलेलं असताना पुढचा बल्ब दिसत नाही पण बझर ऐकू येतो. सर्किटच्या वस्तू जोडलेल्या असतील तर बझर हलका कुरकुरेल, म्हणून त्या काढूनच करा. मी बिजागरीजवळची वायर बोटाने जेमतेम ढकलली आणि बझर किंचाळला, तीन आठवड्यांनंतर तो आवाज ऐकून काय वाटलं ते सांगता येणार नाही.

सांभाळायच्या गोष्टी दोन. हेडलाइटचा बल्ब भयंकर तापतो, तो सीटवर, कार्पेटवर, प्लास्टिकवर ठेवू नका, आणि गाडी तशीच सोडून जाऊ नका. आणि बल्ब लावून रस्त्यावर जायचं असेल तर फक्त बिनधोक सर्किट, म्हणजे म्युझिक किंवा आतला दिवा. इंजिनचा कंप्युटर, फ्युएल पंप, एबीएस, एअरबॅग, ब्रेक लाइट, रात्रीचे दिवे यांच्या फ्यूजच्या जागी बल्ब लावून गाडी चालवायची नाही. कंप्युटर आणि एअरबॅगच्या बाबतीत तर उभ्या गाडीत पण नाही.

मुद्दाम घडवून आणा

वही आणि बल्ब हातात असले की शॉर्टची वाट बघत बसायचं नाही, त्याला बोलवायचं. इग्निशन ऑन, ते सर्किट चालू, आणि वहीत जे निघालं असेल ते करा. दार उघडा-मिटा, हळू, पूर्ण, प्रत्येक अंशात थांबत. डिकी तशीच. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सीट पुढेमागे, त्यावर कोणीतरी बसलेलं असताना पण, कारण वजनाने खालचा भाग दबतो. डॅशबोर्डवर, टेल लाइटच्या बाजूला मुठीने थोपटा. मग हार्नेस हलवायचा, पण एकदम सगळा गदागदा हलवू नका, नाहीतर बल्ब पेटेल पण कशाने ते कळणार नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे शॉर्ट सुटून जाईल आणि महिनाभर दिसणार नाही. एका वेळी एक वीतभर. दुसरा माणूस बल्बकडे बघायला असला तर फार बरं.

गरम झाल्यावर होतो असं दिसलं तर हेअर ड्रायरने एकेक कपलर, एकेक जागा तापवा. पावसात होतो तर साध्या स्प्रेच्या बाटलीने बारीक फवारा, टेल लाइटवर, दाराच्या नळीवर, खालून बंपरच्या आत, पण फ्यूज बॉक्सवर आणि कंप्युटरवर नाही. इंजिन हलल्यावर होत असेल, गिअर टाकताना धक्का बसतो तेव्हा, तर चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावून, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद ठेवून हाताने इंजिन पुढेमागे ढकलून बघा, फाउंडेशनची (इंजिन ज्यावर बसतं ती) रबरं गेली असतील तर ते बरंच हलतं आणि वायर ताणली जाते.

अर्धं-अर्धं करत जा

बल्ब पेटलेला असताना, हे महत्त्वाचं, पेटलेला असताना, मधला कपलर सोडवा. बल्ब विझला तर शॉर्ट कपलरच्या पलीकडे, पेटलेलाच राहिला तर अलीकडे, फ्यूजच्या बाजूला. मग त्या अर्ध्याचं परत अर्धं. चार कपलर सोडवले की तुम्ही हातभर वायरपर्यंत येता. लोक एका टोकापासून टेप सोलत जातात आणि पाच मीटर हार्नेस उघडा करून ठेवतात, त्याची काही गरज नसते, उलट चांगला हार्नेस बिघडतो.

शॉर्ट दोनच मिनिटं टिकत असेल तर कपलर हातात धरूनच बसायचं. किंवा जे अर्धं संशयित आहे ते कपलर काढून ठेवून दोन दिवस बघायचं, वेळ लागतो पण निकाल पक्का.

मधे कपलर नाही, लांबच लांब वायर कार्पेटखालून गेलीये, अशा वेळी होकायंत्र वापरा, साधं सुईचं. वायरमधून करंट गेला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, साडेचार अँपला दोन सेंटिमीटरवर ते साधारण पृथ्वीच्या क्षेत्राएवढंच भरतं, म्हणजे सुई चांगली हलते. परतीचा करंट बॉडीमधून जातो, शेजारच्या वायरीतून नाही, म्हणून ते एकमेकांना खोडत नाहीत. शॉर्ट चालू असताना बल्बच्या वाटेत एक साधा स्विच घालून चालू-बंद चालू-बंद करत राहा आणि होकायंत्र वायरीच्या मार्गावरून सरकवत न्या. सुई हलतेय, हलतेय, हलतेय आणि एका जागी हलायची थांबली, शॉर्ट तिथेच मागे राहिला. कार्पेट न उचलता सापडतो. लोखंडी पट्टीजवळ सुई फसते तेवढं सांभाळा.

मीटर कधी

मल्टीमीटरचा बीप चांगला आहे पण त्याच्या मर्यादा आहेत. बॅटरीची निगेटिव्ह काढा, फ्यूज काढा, फ्यूजच्या खाचेतला जो पाय वस्तूंकडे जातो (फ्यूज काढून, बॅटरी सोडवायच्या आधीच इग्निशन ऑन करून बघून ठेवा, ज्या पायावर करंट येत नाही तो) त्यावर एक पिन आणि बॉडीच्या स्वच्छ बोल्टवर दुसरी. चालू सर्किटवर ओहम मोडमध्ये मीटर लावायचा नाही, मीटर जाईल. आता नवीन माणसं इथे हमखास फसतात, मीटर बीप करतो आणि वाटतं शॉर्ट सापडला, पण थंड बल्बचा रेझिस्टन्सच इतका कमी असतो, २१ वॉटचा साधारण अर्धा-एक ओहम, की मीटरला तो शॉर्टच वाटतो. म्हणून सगळे बल्ब, मोटरी, सगळं काढूनच मोजायचं, मग मीटरवर काहीच रीडिंग येता कामा नये. काही किलोओहम दिसत असतील तर कपलरमध्ये ओल किंवा हिरवा गंज आहे, त्याने फ्यूज जात नाही पण बॅटरी हळूहळू उतरू शकते.

बल्ब मला जास्त भरवशाचा वाटतो कारण त्यातून खरा करंट जातो. मीटर अगदी थोड्या व्होल्टने तपासतो, टेकलेल्या जागेवर गंजाचा पापुद्रा असेल तर त्याला शॉर्ट दिसतच नाही, बल्बला दिसतो.

फ्यूज जात नाही तरी शॉर्ट

नव्या गाड्यांत बऱ्याच वायरी थेट कंप्युटरमधून निघतात, तिथे शॉर्ट झाला तर कंप्युटर स्वतःच ती लाइन बंद करतो आणि कोड (बिघाडाचा नंबर) साठवतो. त्यामुळे स्कॅनर लावून कोड वाचा, पुसायच्या आधी फोटो काढून ठेवा, आणि फ्रीझ फ्रेम (कोड पडला तेव्हाची साठवलेली नोंद) असेल तर त्यात त्या क्षणाचा स्पीड, तापमान मिळतं, ती तुमची आयती वही. एक नमुना ओळखीचा करून ठेवा, एकदम तीन-चार असंबंध सेन्सरचे कोड, इंजिन झटका देऊन बंद, पाच मिनिटांनी चालू. हे बऱ्याच वेळा ५ व्होल्टच्या लाइनचं असतं, अनेक सेन्सर एकाच ५ व्होल्टवर असतात आणि त्यातला एक आतून किंवा त्याची वायर शॉर्ट झाली की सगळेच पडतात, पी०६४१ हा कोड त्याचाच. लाइन पडलेली असताना एकेक सेन्सरचा कपलर काढत जा, ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तो किंवा त्याची वायर.

डॅशबोर्डवर सगळे दिवे एकदम ख्रिसमससारखे लागत असतील तर कॅन लाइन (गाडीतले कंप्युटर एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी) बघा. बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतात त्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये साधारण ६० ओहम यायला हवेत, कारण दोन टोकांना १२० चे दोन रेझिस्टर असतात. शून्याजवळ म्हणजे दोन वायरी एकमेकींना टेकल्यात, १२० म्हणजे कुठेतरी तुटलंय. इथे बल्बवाला टेस्ट लॅम्प अजिबात वापरायचा नाही.

सापडल्यावर

नुसती टेप गुंडाळून सोडू नका. खराब तुकडा कापून काढा, तेवढ्याच जाडीची वायर घ्या, नीट क्रिंप किंवा सोल्डर करा आणि वरून आतल्या बाजूला डिंक असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. स्लीव्ह आधी वायरीत ओवायला विसरू नका. जिथे वायर वाकते तिथे जोड नको, सोल्डर केलेली जागा कडक होते आणि तिच्या कडेलाच परत तुटते, म्हणून दाराच्या नळीत किंवा बिजागरीत काम असेल तर लांब तुकडा घालून दोन्ही जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर न्या, आणि बारीक बारीक तारांची लवचिक वायर वापरा. कॅनच्या पिळलेल्या वायरी परत तशाच पिळून ठेवा. एअरबॅगची वायर असेल तर स्वतः जोड द्यायचा नाही, पूर्ण हार्नेस बदलून घ्यायचा.

आणि वायर का घासली ते बघा. पत्र्याची धार असेल तर कानसने मारा, ग्रोमेट निसटला असेल तर बसवा, क्लिप तुटली असेल तर नवीन. माझ्या गाडीत डिकीजवळची क्लिप तुटलेली होती, म्हणून वायर लोंबून दांड्यावर यायची, तिथे फक्त वायर जोडली असती तर सहा महिन्यांनी तेच झालं असतं. शेजारच्या वायरी पण वाकवून बघितल्या, आणखी दोन तडकायला आल्या होत्या, त्या पण तेव्हाच बदलल्या.

काम झाल्यावर फ्यूज लगेच टाकला नाही. बल्ब आणि बझर तसेच ठेवले, दिवे चालू केले आणि डिकी पन्नास वेळा उघडली आणि मिटली, हळू, जोरात, अर्ध्यावर थांबवून. बझर गप्प. मग बल्ब काढला आणि लाल १० चा फ्यूज बसवला.